उरलेला 'तू'

फोलाशादेनं नायजेरियातल्या इबादानमध्ये बसून योरुबा शब्दांत प्रोग्रॅम लिहिता येतील अशी भाषा घडवली आणि ते प्रोग्रॅम चालवणारा तिचा इंटरप्रिटर सगळ्यांसाठी खुला केला. त्यावर पहिली तक्रार काय यावी?

'सातव्या ओळीत तू चुकलास, असं तुमचं यंत्र मला म्हणालं. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. आपल्यात थोरांना कुणी अरेतुरे करतं का? — मोराकिन्यो.'

फोलाशादेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तीन वर्षं मी एकटी मरमर मरतेय, कुणी एक अक्षर लिहून दिलं नाही, आणि ह्यांना मानपान हवाय!" तिनं तिथल्या तिथे, चारचौघांना दिसेल असं उत्तर ठोकलं, 'कोड उघडाच आहे. एवढं टोचतंय तर तूच बदल.'

आठवड्याभरानं मोराकिन्योंनी केलेली दुरुस्ती आली. चुका दाखवणारी दोनशे बारा वाक्यं होती, आणि प्रत्येकात 'तू'चं 'तुम्ही' केलेलं होतं. नाव ठेवायला तिला एक स्वल्पविराम सापडला नाही. खाली त्यांनी लिहिलं होतं,

'बाई, सगळे बदलले. एकच 'तू' उरलाय, तुमच्या उत्तरातला. तो बदलायची परवानगी मला नाही.'