हरेल तो घरी

थोरल्याने शह दिला. धाकट्याने राजा बाजूला घेतला आणि घड्याळाचं बटण दाबलं.

जलद बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी होती. सख्खे भाऊ समोरासमोर आलेले, म्हणून डाव आटोपलेले खेळाडू याच टेबलाभोवती जमले होते. पणाला काय लागलंय ते मात्र दोघा भावांनाच ठाऊक. हरेल त्याने स्पर्धा सोडायच्या आणि अण्णांपाशी घरी राहायचं.

दोघांना लहानपणी पट मांडून देणारे अण्णा आता गॅस चालू ठेवून विसरायचे, अनवाणी रस्त्यावर जायचे. काल त्यांनी पोटच्या धाकट्या मुलालाच विचारलं, "तुम्ही कुणाकडचे?"

मघाशी धाकट्याने वजीर आत घुसवला असता, तर खेळ खलास होता. त्याने तो मागे घेतला. पाठीमागे कुणीतरी चुकचुकलं. मग डाव फिरला. आता थोरल्याला मात दिसत होती. त्याचे कान लाल झाले. तरी तो नुसता शहावर शह देत राहिला, पुन्हा पुन्हा त्याच दोन घरांतून.

"बरोबरी?" त्याने हात पुढे केला.

"चालेल, दादा."

टाळ्या पडल्या. "शेवटी रक्ताचं नातं!" म्हणत पंच चष्मा पुसायला लागले.

बाहेर जिन्यात धाकटा म्हणाला, "तुला मात दिसली होती."

"तुलाही वजीर दिसला होता."

"तुझा खेळ मी कसा बंद करू, दादा?"

"माझ्याच्याने तरी कुठे झालं?" थोरल्याने त्याला जवळ ओढलं. दोघांनाही रडू आवरेना.

"पण मग अण्णा?"

थोरला जिना उतरू लागला.

दुसऱ्या दिवशी फिरायला म्हणून त्यांनी अण्णांना गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात नेलं. गाडीत अण्णा खुशीत होते.

"कोण जिंकलं रे?"

"कुणीच हरलं नाही, अण्णा."

"वा! शाब्बास."

आश्रमाच्या कचेरीत धाकट्याने डोळे टिपले. थोरला व्यवस्थापक बाईंना म्हणाला, "काल आमच्यातला एक जरी हरला असता, तरी ही वेळ आली नसती हो. आता इलाजच उरला नाही."

बाईंनी किल्ल्यांचा जुडगा काढला. एकदा थोरल्याकडे, एकदा धाकट्याकडे पाहिलं.

"गेल्या महिन्यात तुम्ही दोघंही एकेकटे येऊन यांच्यासाठी खोली राखून गेलात," त्या म्हणाल्या. "त्यातली कुठली देऊ?"