कांद्याच्या सालींचा रंग

मोठ्या दिरांचं अंडं पहिल्याच टोल्याला फुटलं आणि टेबलाभोवती एकच हशा पिकला. "गेले आमचे पहिलवान!" जाऊबाई म्हणाल्या. धाकट्या सुनेने सगळ्यांना हरवलं होतं. आता उरल्या फक्त सासूबाई. त्या नेहमी शेवटीच उतरायच्या.

ईस्टरच्या सकाळी प्रार्थनेहून आलं की अंडी लढवायची, ही या घरातली रीत सासूबाईंच्या आजेसासूंपासूनची. आदल्या दिवशी अंडी कांद्याच्या सालींत उकळायची आणि तांबूस होईपर्यंत त्याच पाण्यात ठेवायची. "तडा गेलेलं बाजूला काढा गं, रंग आत झिरपतो, पांढऱ्यावर डाग पडतात," हे सासूबाईंचं दरवर्षीचं पालुपद. कालही त्यांनी ते ऐकवलंच होतं. लढताना अंडं मुठीत झाकून नुसतं टोक बाहेर काढायचं आणि समोरच्याच्या टोकावर आपटायचं; ज्याचं फुटेल तो हरला. शेवटी जिंकणाऱ्याने हरलेल्याचं अंडं सोलून त्याला भरवायचं. जिंकलेलं मात्र खायचं नाही, ते वर्षभर काचेच्या कपाटात राहायचं. आणि जिंकणाऱ्याने एक गोष्ट मागायची, तिला घरात कुणी नाही म्हणायचं नाही.

सासूबाई बरीच वर्षं जिंकत आल्या होत्या. मागायच्या काय, तर "पुढच्या ईस्टरला सगळे याच टेबलाशी हवेत." एवढंच.

धाकटीला वेगळं घर हवं होतं. नवऱ्याला सांगून सांगून ती थकली. आईपुढे त्याची दातखीळ बसायची. स्वयंपाकघरात दोघांची कुजबुज चालायची आणि सासूबाईंची चाहूल लागली की विषय एकदम भाजीवर यायचा. शेवटी तिनेच कंबर कसली. सुतार भावाकडून लाकडाचं अंडं कातून घेतलं, गुपचूप रंगवलं. आज परडीतलं अंडं खिशात सरकवून तिने हे मुठीत धरलं होतं. खायचं तर नाहीच, मग कुणाला कळणार?

"ये," सासूबाईंनी मूठ पुढे केली.

धाकटीने अजून नीट जोरही लावला नव्हता. सासूबाईंच्या अंड्याचं टोक आत बसलं. पोरांनी आरडाओरडा केला, दिरांनी टेबल बडवलं.

"माग," सासूबाई म्हणाल्या.

"आई, आम्हाला वेगळं राहायचंय."

नवरा ताटाकडे बघत बसला.

"दिलं," सासूबाई म्हणाल्या. "आता भरव मला."

एवढ्या सहज? धाकटीच्या मनावरचं ओझं उतरलं. स्वतःचं अंडं मांडीवर रुमालाखाली ठेवून ती सासूबाईंचं सोलायला लागली. टोकाकडचं साल निघालं आणि तिचा हात थांबला. पांढऱ्यावर तपकिरी रेघा होत्या. टोकापासून खालपर्यंत, झाडाच्या मुळांसारख्या पसरलेल्या. आत्ता पडलेल्या तड्यातून रंग एवढा आत जात नाही.

"आई, हे तर कालच..."

"हळू बोल," सासूबाई तिच्याकडे झुकून म्हणाल्या. "तुला मागायचा संकोच, आणि मला आपणहून सोडायचा धीर होत नव्हता. रोज ऐकतेय मी तुमची कुजबुज. म्हटलं, माझं अंडं जरा टिचवून रंगात सोडावं. पोरीने लढून घेतलं असं तरी होईल."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने त्यांना घास भरवला. तो त्यांनी सावकाश खाल्ला, उठून काचेचं कपाट उघडलं, आतलं जुनं अंडं बाजूला सारून जागा केली आणि हात पुढे केला.

"आण बाळा, तुझं अंडं. मी ठेवते."

रुमालाखाली धाकटीची मूठ त्या लाकडावर आवळली गेली होती. ती काही केल्या उघडेना.