गोटुलातला होकार

गोटुलात, गावाच्या सामुदायिक घरात, भरलेल्या सभेपुढे जैनीच्या मार्गदर्शक प्राध्यापकांचा प्रस्ताव होता; ते स्वतःही तिथे बसले होते. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासासाठी त्यांना गावाचे स्वशासन, निवाडे, गाणी सारे ध्वनिमुद्रित करायचे होते. मालकी मात्र विद्यापीठाची राहणार होती.

इथे मते मोजत नसत. एकाचाही नकार असला, तर निर्णय थांबे. मालकीची अट ऐकून चेहरे उतरले, तरी "आपल्या जैनीची पीएचडी हाये," म्हणत एकेकाने होकार दिला.

जैनीने सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात सोमरीआत्या कडाडली, "अन् तू गं? शहरात गेलीस म्हणून गावातून उठलीस काय?"

सभा तिच्यासाठी थांबली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नकाराधिकार पाच बलाढ्य राष्ट्रांकडेच असतो, असे जैनी परीक्षेत लिहून आली होती. इथे तो भूमिहीन आत्याकडे होता, तिच्या स्वतःकडेही होता. आजोबांच्या गाण्यांवर उद्या परक्यांची मोहोर उमटणार, हे तिला एकाएकी असह्य झाले.

"माझा नकार हाये," ती म्हणाली.

कारण कुणीही विचारले नाही. आत्याने पदर खोचला आणि प्राध्यापकांकडे वळून अगदी आदराने म्हणाली, "साहेब, गावाचा नकार हाये."