बाबांच्या कळपाचा आवाज

सार्डिनियाच्या डोंगरात मेंढ्यांच्या घंटा घडवाव्यात त्या आमच्या गावच्या बाकीझिओकाकांनीच. प्रत्येक धनगराच्या कळपाला ते वेगळा आवाज देतात आणि तो कधीही विसरत नाहीत.

धनगर गेला की त्याच्या कळपाचा आवाज पुन्हा कुणाला द्यायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. पण माझे बाबा कळपासकट बर्फात गाडले गेले आणि मला माझ्या नव्या मेंढ्यांसाठी दुसरा आवाज नकोच होता.

"हट्टी आहेस, बोनारिया. अगदी बापावर गेलीस," म्हणत काका शेवटी ऐरणीपाशी बसले.

पत्रा वाकला, कडा ठोकून ठोकून पातळ झाली. काय हात तो! त्यांनी घंटा उचलली आणि तोच घोगरा, गोड आवाज घुमला.

"काका, हुबेहूब! कमाल आहे तुमची!"

काकांचा चेहरा मात्र उतरला होता. "यात लोलक कुठे घातलाय अजून, पोरी?"

आवाज पुन्हा आला, वरच्या वाटेवरून. मग एकाचे अनेक झाले. भर दुपारी अख्खा कळप वाजत गल्लीत उतरला आणि काकांच्या दाराबाहेर थांबला.

बाहेर कुणीतरी दोनदा खाकरलं. बाबा कधी दार वाजवत नसत, असेच खाकरत.

काकांनी घंटा माझ्या हातात ठेवली.

"मागितलंस तू," ते हळूच म्हणाले. "दारही तूच उघड."