सोमवारचा डोस

डॉ. केतकी रेगेने पेन पुढे केलं. "मॅडम, एक सही करा बघू."

तीस वर्षं पेशीविज्ञान शिकवलेल्या खांडेपारकर बाईंची सही उपचारानंतर गेल्या महिन्यापर्यंत सरळ येत होती. दर सोमवारी टोचलेली वाहक प्रथिनं मज्जापेशींच्या आत एका पटलातली, म्हणजे पातळ पडद्यातली, चरबी उचलून झिजलेल्या पटलाला नेऊन देत, आणि हाताची थरथर थांबली होती. आज अक्षरं पुन्हा कागदभर पसरली.

"डोसच्या दिवशी पोटात चरबी हवी, नाहीतर प्रथिनं चांगल्या पटलांनाच ओरबाडतात. तुमच्याच वर्गात शिकले मी हे," केतकी हसली. "उपाशी नव्हतात ना?"

"छे गं! तुपातला शिरा खाऊन येते."

"मग डोसातच गडबड आहे. गावित सिस्टर, डोस तुम्ही बनवता. चौकशी होईपर्यंत तुम्हाला कामावर येता येणार नाही."

बाईंच्या हातातलं पेन पडेल म्हणून सिस्टरांनी ते हलकेच काढून घेतलं.

बाईंची मान खाली गेली. "केतकी, सिस्टरांचं काही चुकलेलं नाही. मी गेल्या महिन्यापासून सोळा सोमवार धरलेत. संध्याकाळपर्यंत पाणीही घेत नाही."

"तुम्ही? अहो, आमच्या उपवासांची भर वर्गात टर उडवायचात!" केतकी थबकली. मग तिने हळू आवाजात विचारलं, "कशासाठी धरलेत?"

बाईंना वर बघवेना.

"हे औषध असंच लागू पडत राहावं म्हणून."