माफीसरदार

“माफी? ती कुठे अंथरू? छपरावर?” कुंभारीण ओरडली. “आधी छप्पर कुठंय ते दाखवा!”

छप्पर नव्हतंच. पहाटे राजवाड्यातला ड्रॅगन सुटला आणि खुडुक कोंबडीसारखा हिच्या भट्टीवर येऊन बसला. उबेला. भट्टी फुटली. आत तीन महिन्यांची मडकी होती. त्यांचा चुरा अजून कोमट होता.

सरदार समोर उभा होता. टोपी काढलेली, मान खाली. राजाच्या आत्याचा धाकटा मुलगा. थोरल्या भावाला सैन्य मिळालं, मधल्याला किल्ला. याच्या वाट्याला माफी आली. या राज्यात राजा कधी चुकत नाही. चुकतं ते घराणं, आणि घराण्याच्या वतीने गुडघे टेकायला हा. राजाच्या भावाने कोणाच्या अंगावर बग्गी घातली, राणीच्या ससाण्याने कोणाची पिल्लं उचलली, की हा निघालाच टोपी काढून. लोक त्याला माफीसरदार म्हणायचे. तोंडावरसुद्धा.

तो चुऱ्यातच गुडघ्यांवर बसला. डावा हात जमिनीला टेकवला.

“घराण्याकडून चूक झाली, ताई. घराण्याची मान... मान खाली आहे.”

आरशासमोर घोटून घोटून गुळगुळीत केलेलं वाक्य. आज मध्येच अडकलं.

“दोन्ही हात टेकवायचे असतात. आता माफीपण अर्धीच का?”

“उजव्याला लागलंय.” तो हात कोटाच्या खिशातच राहिला.

“बरं, चूक कोणाची?”

“ते सांगायचं नसतं. रीत आहे.”

“मग माझ्या भावाचं नाव बरं गावभर केलंत!” तिने एक खापर लाथेने उडवलं. “सव्वीस वर्षं सांभाळतोय तो त्या ड्रॅगनला. पोटच्या पोरासारखं. म्हणे पिंजऱ्याची कडी त्यानेच उघडी टाकली! संध्याकाळची घंटा झाली की हद्दपार. परत तोंड दिसणार नाही मला त्याचं.”

सरदाराने वर बघितलं नाही. त्याचे कान लालबुंद झाले होते. नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब टपकन चुऱ्यात पडला.

ती बघत राहिली. मग तिचा आवाज खाली आला.

“उठा. तुमच्यावर काय डाफरायचं! करून जातात दुसरे, निस्तरता तुम्ही. त्या राजवाड्यात लाज वाटणारं एक तरी माणूस आहे म्हणायचं.”

तिने पाणी दिलं. तो डाव्या हाताने प्यायला. अर्धं अंगावर सांडलं.

मग तिने फळीवरून एक हातमोजा काढला. उजव्या हाताचा, अर्धा जळलेला. मऊ कातडं, मनगटाला निळी शिवण. निळी शिवण फक्त राजघराण्याला.

“हा ड्रॅगनच्या दातात अडकला होता. इथेच पडला. माझा भाऊ उघड्या हाताने खायला घालतो त्याला. कोणीतरी पाहुण्यांसमोर मर्दुमकी दाखवायला पिंजऱ्यात गेलं असणार. मग फाटली, आणि कडी न लावताच पळालं. शिपायांना दिला असता तर त्यांनी चुलीत घातला असता. तुम्ही घंटेच्या आत राजाला दाखवा. याचा जोड कोणाकडे आहे तेवढं शोधा, की माझा भाऊ सुटला. कराल ना एवढं, दादा?”

दादा. त्याला आजवर कोणी दादा म्हटलं नव्हतं.

त्याने मोजा घेतला आणि कोटाच्या डाव्या खिशात कोंबला. नीट जाईना. तिथे डाव्या हाताचा आधीच होता.

“मला आता निघायला हवं,” तो म्हणाला.