पुराव्यातलं पत्र

लष्करी न्यायालयात सरकारी वकिलांनी आरोपी शिपायाच्या बायकोचं पत्र खणखणीत आवाजात वाचलं. “अहो, आईंचं काही खरं नाही. दार वाजलं की तुम्हीच आलात म्हणून उठू पाहतात. असाल तसे या.” एवढ्यावर तो पहारा सोडून घरी पळाला होता. “आया सगळ्यांच्याच आजारी पडतात. मग पहारा द्यायचा कुणी?” वकिलांनी विचारलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला. “वकीलसाहेब, असं पत्र तुम्हाला आलं असतं तर?” “आलं होतं, साहेब. मी सुनावणी सोडून गेलो नाही.” शिपायाला दोन वर्षांची कैद झाली. “तुमचा हात कोण धरणार!” म्हणत सहकारी नेहमीप्रमाणे त्यांना न विचारताच जेवायला गेले. पत्राची घडी घालणाऱ्या वकिलांपाशी बेडीतला शिपाई थबकला. “साहेब, आई भेटली का मग?” बावीस वर्षांत हे विचारणारा तो पहिलाच.